तुझ्या तक्त्यातील रेटिंगचा रकाना

ता. धामणगाव रेल्वे, जि. अमरावती
दि. १४ डिसेंबर २०२५

चि. निखिल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

घोड्यांच्या शर्यतींवर सूत्राने पैजा लावून नफा मिळवता येतो असे सांगणारे आणि त्यासाठी माझ्याकडे दोन लाख रुपये मागणारे तुझे पत्र व त्यासोबतचा अठरा पानांचा छापील तक्ता मागच्या सोमवारी मिळाला. पऱ्हाटीची दुसरी वेचणी चालू असल्यामुळे दिवसा त्याला हात लावता आला नाही, परंतु रात्री जेवणे झाल्यावर सलग पाच दिवस मी तो ओळीओळीने वाचला आणि जिथे आकडेमोड होती तिथे ती स्वतः करून पाहिली. तुझ्या आईला पहिले चार दिवस मी ‘निखिलच्या कामाचे कागद आहेत’ एवढेच सांगितले होते. तिच्यापासून काही दडवून ठेवणे मला जमत नाही आणि आवडतही नाही, म्हणून शुक्रवारी तिला सर्व सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने एवढेच विचारले की पोराने आतापर्यंत किती घालवले. तुझ्या पत्रात त्याचे उत्तर नाही. ते तू तिला कळवावेस.

आधी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. रेसचे नाव काढले म्हणजे मुलगा वाया गेला असे समजून पत्र फाडून टाकणाऱ्यांतला मी नाही. तू सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाचा आधार दिला आहेस आणि तो बरोबर आहे. डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या प्रकरणात न्यायालयाने घोड्यांची शर्यत ही प्रामुख्याने कौशल्याची बाब ठरवली. घोड्याचे वंश, वय, सराव, जॉकीचा हात, शर्यतीचे अंतर, धावपट्टीची अवस्था या गोष्टी अभ्यासता येतात, हे मला मान्य आहे. परंतु न्यायालयापुढे प्रश्न होता तो कायद्यातील जुगाराच्या व्याख्येचा. अभ्यास करणाऱ्याच्या हाती शेवटी पैसे उरतात की नाही, हा प्रश्न तिथे नव्हता. तो हिशेबाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर तुझ्या तक्त्यातच शोधावे लागेल.

तुझ्या तक्त्यातील मोठी चूक प्रथम सांगतो, कारण ती सापडल्यानंतर पुढची पाने मला निवांतपणे वाचता आली नाहीत. नवव्या पानावरचा १४७ क्रमांकाचा घोडा पाहा. जुलैतील पुण्याच्या शर्यतीसमोर त्याचे रेटिंग, म्हणजे ज्यावरून त्याच्या पाठीवरचे वजन ठरते तो कुवतीचा आकडा, ५८ लिहिलेले आहे, ऑगस्टमधील शर्यतीसमोर ५८ आणि ऑक्टोबरमधील शर्यतीसमोरही ५८. हा घोडा त्या मोसमात तीन वेळा जिंकला आहे. जिंकलेल्या घोड्याचे रेटिंग क्लबचा हँडिकॅपर, म्हणजे रेटिंग व वजन ठरवणारा अधिकारी, वाढवतो, हे तूच पहिल्या पानावर समजावून सांगितले आहेस. मग तीन विजयांत ते जागचे हलले नाही, असे कसे होईल? जुलैत ते बरेच खाली असले पाहिजे आणि एकेका विजयानंतर वर चढले असले पाहिजे. याचा अर्थ, मोसम संपल्यावरचे रेटिंग तू एकदाच उतरवून घेतलेस आणि मागच्या सर्व शर्यतींना तेच जोडलेस. जो घोडा पुढे जिंकणार होता, त्याचे रेटिंग तुझ्या तक्त्यात त्याने जुलैत वाहिलेल्या वजनाच्या मानाने फार मोठे दिसते, आणि तुझे सूत्र नेमके त्यालाच निवडते. तुझ्या सूत्राला ऑक्टोबरपर्यंतचे निकाल जुलैतच आडवाटेने कळलेले होते. पेरणीच्या दिवशीच उतारा ठाऊक असेल, तर कोणते बियाणे पेरावे हे सांगायला अभ्यास कशाला हवा? तू हे जाणूनबुजून केले नाहीस, याची मला खात्री आहे. मी १४७ क्रमांकाशिवाय आणखी सात घोडे तपासले. सर्वांच्या बाबतीत हेच झाले आहे.

धावपट्टीच्या रकान्यातही हाच धोका आहे, मात्र तो इतका उघड नाही. पट्टी किती टणक आहे हे क्लब पेनिट्रोमीटरने मोजून सांगतो आणि तू तो आकडा सूत्रात घेतला आहेस. जमिनीचा टणकपणा मोजणारे असे उपकरण मी नोकरीत हाताळले आहे. सळई जमिनीत दाबली की ती किती खाली जाते यावरून आकडा मिळतो, आणि त्याच वावरात चार पावले सरकले की तो बदलतो. पुण्याचा मोसम ऐन पावसाळ्यातला. सकाळी घेतलेला आकडा दुपारच्या एका सरीनंतर पाचव्या शर्यतीला लागू पडेलच असे नाही. तू प्रत्येक शर्यतीसमोर कोणत्या वेळचा आकडा लिहिला आहेस, आणि तो पैज लावण्याच्या क्षणी तुला खरोखर ठाऊक असता का, हे तपासून पाहा.

आता तू म्हणशील की चुका दुरुस्त करता येतात. येतात. म्हणून त्या दुरुस्त झाल्या आहेत असे धरूनच पुढचे लिहितो.

तू ४१२ शर्यतींमधून ९६ पैजा निवडल्यास. त्यांतल्या २३ जिंकल्या, प्रत्येक विजयी रुपयामागे सरासरी पाच रुपये परत आले, म्हणजे ९६ रुपये लावून ११५ रुपये आले आणि नफा जवळजवळ २० टक्के झाला. या एका ओळीवर तुझे सगळे पत्र उभे आहे. मी तिची प्रमाण त्रुटी काढली, म्हणजे निव्वळ योगायोगाने तो आकडा साधारण किती खालीवर होऊ शकतो याचे माप. चारातली सुमारे एकच पैज लागत असेल आणि लागली की पाचपट मिळत असेल, तर एकेका पैजेच्या फळात चढउतार फार मोठा असतो. ९६ पैजांच्या सरासरीवर ती त्रुटी सुमारे २२ टक्के निघते. ज्या नफ्याची त्रुटी त्या नफ्याहून मोठी आहे, तो नफा आहे की नशिबाची एक लाट आहे, हे त्या आकड्यावरून कोणालाही सांगता येणार नाही. हे साध्या रीतीने पाहायचे तर २३ ऐवजी १९ पैजा जिंकल्या असत्या तरी एक रुपया तोटा झाला असता. चार घोड्यांनी जेमतेम मानेच्या अंतराने बाजी मारल्यामुळे तुला ही पद्धत सिद्ध झाल्यासारखी वाटते आहे. याच प्रकारच्या पैजांमध्ये ही त्रुटी पाच टक्क्यांपर्यंत आणायची असेल तर सुमारे १८०० पैजा नोंदवाव्या लागतील, आणि तूच लिहितोस की एका मोसमात तुझ्या नियमात बसणाऱ्या पैजा शंभरही होत नाहीत.

त्यातून तू हा नियम कसा निवडलास, हे पत्रात नाही. तुझ्याकडे चाळीस रकाने आहेत. दोन-दोन रकान्यांच्या जोड्या केल्या तरी ७८० नियम तयार होतात. त्यांतला एकही नियम खऱ्या अर्थाने उपयोगाचा नसला आणि प्रत्येकाला केवळ योगायोगाने चांगले दिसण्याची संधी विसात एक असली, तरी ३९ नियम चांगले दिसतील. त्यांतला सर्वांत देखणा नियम उचलून तू मला पाठवला नाहीस ना? तू किती नियम करून पाहिलेस आणि टाकून दिलेस, तो आकडा मला नफ्याच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

मी कृषी सहायक असताना दरवर्षी पीक कापणी प्रयोग करायचो, ते तू लहानपणी पाहिले आहेत. कोणत्या गटातले वावर घ्यायचे हे यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यावरून निघायचे, आणि वावरात पोचल्यावर चौकोन कुठे आखायचा हेही त्याच संख्यांइतकी पावले मोजून ठरायचे. एका वर्षी एक वयस्क कास्तकार माझा हात धरून म्हणाले, “साहेब, हा कोपरा पाहा, इथे सोयाबीन कमरेएवढे आहे, दोरी इथे टाका.” पावले मात्र मला धुऱ्याजवळच्या चिभडलेल्या तुकड्यात घेऊन गेली, आणि दोरी तिथेच पडली. त्यांना फार वाईट वाटले. मलाही वाटले. परंतु पीक पाहून जागा निवडायची मुभा मिळाली असती, तर तालुक्याच्या उताऱ्याचा तो आकडा कवडीमोलाचा झाला असता. तू निकाल समोर ठेवून नियम निवडला आहेस. दोरी तू चांगल्या कोपऱ्यात टाकली आहेस.

आता ज्या मुद्द्यासाठी मी मुख्यतः हे पत्र लिहायला बसलो, तिकडे वळतो. तुझ्या सर्व लिखाणात प्रश्न एकच आहे: कोणता घोडा जिंकेल? पैसे मात्र या प्रश्नाच्या उत्तरावर मिळत नाहीत. तळेगाव दशासरच्या शंकरपटात, बैलजोड्यांच्या शर्यतीत, तू आठ-नऊ वर्षांचा असताना माझे घड्याळ हातात धरून जोड्यांच्या वेळा वहीत लिहिल्या होत्यास, आठवते का? दुसऱ्या दिवशी सकाळीच तू सांगितलेस की ती पांढरी जोडी पहिली येईल, आणि ती आली. तुला केवढा आनंद झाला होता. पण त्या दिवशी कडेला बसलेल्या प्रत्येक कास्तकाराला ती जोडी ठाऊक होती. ती हाकणारा धुरकरी कोण आहे हेही सर्वांना ठाऊक होते. तिथे पैसे लावले गेले असते तर सगळ्यांनी त्याच जोडीवर लावले असते आणि जिंकूनही कोणाच्या हाती काही पडले नसते. तुझा अंदाज खरा होता, पण तो सर्वांचाच होता.

रेसकोर्सवरचा टोट नेमका याच तत्त्वावर चालतो. ही एकत्रित पैजेची रीत पॅरिसमध्ये १८६७ च्या सुमारास जोसेफ ओलेर यांनी काढली. सर्वांचे पैसे एका ठिकाणी जमा करायचे, ठरलेला हिस्सा कापून घ्यायचा आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. समज, एका शर्यतीत एक लाख रुपये जमले आणि हिशेब सोपा जावा म्हणून कपात २० टक्के धरली. एका घोड्यावर लोकांनी २५,००० लावले आहेत, म्हणजे लोकांच्या मते त्याची संधी चारात एक आहे. तो जिंकला तर ८०,००० रुपये २५,००० वर वाटले जातील, म्हणजे रुपयाला ३ रुपये २० पैसे. लोकांचे मत बरोबर असेल तर तुझ्या प्रत्येक रुपयाचे सरासरीने ८० पैसे होतात. नुसते बरोबरीत सुटायचे असेल तरी त्या घोड्याची खरी संधी २५ टक्के नव्हे, सव्वाएकतीस टक्के असायला हवी. म्हणजे लोकांची चूक झालेली असली पाहिजे, ती एवढी मोठी असली पाहिजे, आणि ती तुला शर्यतीपूर्वी दिसली पाहिजे. तुझी स्पर्धा घोड्यांशी नाही. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर सकाळच्या सरावधावेच्या वेळा स्वतः घड्याळ लावून टिपणाऱ्यांशी, तबेल्यात रोज उठबस असणाऱ्यांशी आणि वीस-वीस वर्षे तेच घोडे पाहणाऱ्यांशी आहे. त्यांचे सर्व ज्ञान त्या २५,००० रुपयांत आधीच उतरलेले असते. बुकीकडे भाव आधी ठरतो हे खरे, परंतु त्याचा हिस्सा त्या भावात बसवलेलाच असतो.

याखेरीज क्लबचा हँडिकॅपर आहेच. चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवून सगळे घोडे शक्य तितके एका रांगेत संपवावेत, हेच त्याचे काम. तू जी माहिती जमवून घोड्याघोड्यांतला फरक शोधतोस, तीच माहिती वापरून तो माणूस तो फरक पुसत असतो.

आणि कर. तुझ्या अठरा पानांत कराचा रकाना मला कुठेच सापडला नाही. रेसवरील पैजेवर वस्तू व सेवा कर २८ टक्के होता, तो या वर्षीच्या २२ सप्टेंबरपासून ४० टक्के झाला आहे, आणि तो पैजेच्या पूर्ण दर्शनी रकमेवर आकारला जातो. नफा झाला की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. तो वरून भरावा लागो किंवा आतून वजा होवो, जातो तो लावणाऱ्याच्याच खिशातून. मी वर धरलेली २० टक्के कपात म्हणजे त्यापुढे किरकोळच. पुढे जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने आयकर आहे, एका व्यवहारातील जिंकलेली रक्कम १०,००० रुपयांच्या वर गेली की तो मुळातच कापला जातो, आणि हरलेल्या पैजांची वजावट त्यातून मिळत नाही. तू वर्षभरात ५०,००० जिंकलास आणि ५०,००० हरलास, तर तुझ्या हिशेबात ते शून्य होईल. आयकराच्या हिशेबात ते ५०,००० चे उत्पन्न आहे. तुझा २० टक्के नफा शंभर टक्के खरा मानला, तरी या ओझ्याखाली तो उरत नाही. हा हिशेब तू स्वतः मांडून पाहावास, माझ्यावर विसंबू नकोस.

बिल बेंटर यांचे उदाहरण तू तीन वेळा दिले आहेस. त्यांच्याविषयी मला आदर आहे. ॲलन वूड्स यांच्यासोबत १९८० च्या दशकाच्या मध्यावर ते हाँगकाँगला गेले, घोड्यांच्या नोंदी हाताने संगणकात भरल्या, सुरुवातीला तोटा सोसला आणि पुढे संख्याशास्त्राच्या जोरावर अफाट पैसा मिळवला, हे सगळे खरे आहे. पण त्यांनी १९९४ मध्ये स्वतः लिहून प्रसिद्ध केलेल्या निबंधाचे मर्म तू सोडून दिले आहेस. त्यांनी आपल्या सूत्राने काढलेली संधी आणि लोकांच्या पैशातून दिसणारी संधी या दोहोंचा मिलाफ केला. नुसत्या सूत्रावर विसंबले तर आपला फायदा असतो त्यापेक्षा मोठा दिसतो, कारण जिथे आपले आणि लोकांचे मत फार वेगळे पडते तिथे बहुधा लोकांना असे काहीतरी ठाऊक असते जे आपल्या रकान्यांत नाही. तुझ्या तक्त्यात लोकांच्या मताला जागाच नाही. तू ते फक्त नफा मोजण्यासाठी वापरले आहेस. शिवाय हाँगकाँगमध्ये रेसकोर्स दोनच, घोडे ठरावीक आणि तेच ते पुन्हापुन्हा धावणारे, नोंदी बारीक, आणि जमा होणारी रक्कम प्रचंड. आपल्याकडे मुंबई, पुणे, बंगळुरू, हैदराबाद, म्हैसूर, कोलकाता, चेन्नई असे निरनिराळे क्लब, निरनिराळे मोसम, आणि एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर जाणारे घोडे.

रकमेचा मुद्दा लहान वाटतो, पण तो लहान नाही. टोटमध्ये तुझा स्वतःचा पैसाच तुझा भाव पाडतो. वरच्याच उदाहरणात दुसऱ्या एका घोड्यावर लोकांचे १०,००० आहेत आणि रुपयाला ८ रुपये मिळणार आहेत. तू त्यावर १०,००० लावलेस की एकूण जमा १,१०,००० होते, कपातीनंतर ८८,००० उरतात आणि ते २०,००० वर वाटले जातात; आठाचे ४ रुपये ४० पैसे झाले. म्हणजे तुझी पद्धत खरी असली तरी ती लहान रकमेपुरतीच खरी राहील, आणि मोठ्या रकमेसाठीच तर तू माझ्याकडे दोन लाख मागतो आहेस.

तू लिहिले आहेस की सलग हरण्याची वेळ आली तरी तू डगमगणार नाहीस, कारण केली यांच्या १९५६ च्या सूत्राप्रमाणे भांडवलाचा ठरावीक भागच लावणार आहेस. ते सूत्र उत्तम आहे, परंतु त्यात घालायची संधी खरी हवी. संधी ३० टक्के आणि परतावा चारपट असेल तर ते सूत्र भांडवलाचा पंधरावा हिस्सा लावायला सांगते. संधी खरोखर २५ टक्के असेल तर तेच सूत्र एक पैसाही लावू नको म्हणते. तुझ्या प्रमाण त्रुटीत हे दोन्ही आकडे सहज मावतात. सलग हरण्याचा हिशेबही करून ठेव. पाचात एक लागणाऱ्या ३०० पैजांमध्ये कुठेतरी सलग वीस पैजा हरण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे. विसाव्या हारेनंतर, रविवारी संध्याकाळी, खोलीत एकटा असताना, पद्धत चुकली आहे की नशीब फिरले आहे हे माणूस कशावरून ओळखणार? बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

मोठ्या बाबांविषयी तुला आम्ही पूर्ण कधी सांगितले नाही. नाल्याकाठचे दोन एकर आजारपणात विकले असे तुला ठाऊक आहे. ते खरे नाही. ते मटक्यात गेले. मटक्याचा जन्म आपल्याच पिकाच्या भावातून झालेला आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातला उघडता आणि बंद होणारा भाव मुंबईत यायचा आणि त्याच्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरू लागला. मोठ्या बाबांच्या कोठीत चौदा वह्या होत्या. निळ्या पेन्सिलीने ओपन, लाल पेन्सिलीने क्लोज, तारीखवार, एकही दिवस न चुकता. मधे मधे तिरप्या रेषा ओढून आकड्यांची जोडणी केलेली. अक्षर इतके सुरेख की शाळेतल्या गुरुजींनी कौतुक करावे. मी दहावीत असताना त्यांनी मला शेजारी बसवून एक वही दाखवली आणि म्हणाले, “पाहा बाबू, सोमवारी सात आला की गुरुवारी दोन येतो, नऊ वेळा आला आहे.” किती वेळा आला नाही, ते त्यांनी मोजले नव्हते, आणि ते विचारण्याएवढी समज तेव्हा मला नव्हती.

तुझी गोष्ट तशी नाही, हे मी स्वतःला वारंवार बजावले आहे. चिठ्ठीत शोधण्यासारखे काहीच नव्हते. घोड्यात आहे, घोडा जिवंत प्राणी आहे, त्याला दम आहे, वय आहे, दुखापत आहे, आणि त्याच्या पाठीवर बसलेल्या माणसाला अक्कल आहे. तुझी वही मोठ्या बाबांच्या वहीपेक्षा मोलाची आहे. मला भीती वाटते ती यामुळेच. त्यांच्या वहीत काही नाही हे दोन वर्षांत कोणीही दाखवून दिले असते. तुझ्या वहीत थोडेसे खरे आहे, आणि थोडेसे खरे असलेली वही माणूस आयुष्यभर खाली ठेवत नाही.

दोन लाख रुपये मी देणार नाही. कापसाचा चुकारा आला आहे, पैसे घरात आहेत, हे तुझ्यापासून लपवत नाही. त्यातून विहिरीचे बांधकाम आणि शीतलच्या शिक्षणाचे शुल्क जायचे आहे, पण ते नसते तरी माझे उत्तर हेच असते. तुझ्या पगारातूनही मोसम संपेपर्यंत एक रुपया लावू नकोस, असे माझे सांगणे आहे. तू कमावता आहेस, तुला हुकूम करण्याचा माझा अधिकार संपला आहे, म्हणून हे सांगणे समज.

त्याऐवजी असे कर. रेटिंगचा रकाना पुन्हा भर. प्रत्येक शर्यतीच्या दिवशी जे रेटिंग जाहीर होते तेच त्या शर्यतीसमोर लिही. लोकांच्या पैशातून दिसणारी संधी सूत्रात घे. कराचे दोन रकाने वाढव. मग नियम एकदाच ठरव, कागदावर लिहून मला पाठव आणि त्यानंतर त्याला हात लावू नकोस. मुंबईचा मोसम एप्रिलपर्यंत चालेल. तोवर प्रत्येक पैज शर्यत सुटण्यापूर्वी वहीत लिही: घोडा, त्या क्षणाचा भाव, तुझ्या मते त्याची संधी, आणि रक्कम किती लावली असतीस. पान लिहून झाले की त्याचा फोटो शर्यतीआधी माझ्या फोनवर टाक. निकाल मी इकडे स्वतः लिहीन. फेब्रुवारीतल्या डर्बीच्या, म्हणजे मोसमातल्या सर्वांत मोठ्या शर्यतीच्या, दिवशीही हीच शिस्त पाळ. त्या दिवशी मन फार ओढ घेईल. मोसमाअखेर शंभरच पैजा जमतील आणि त्यांनी काही सिद्ध होणार नाही, हे वर लिहिलेच आहे. पण निदान आकडे खरे असतील, आणि आपण दोघे ते समोरासमोर बसून पाहू.

यासोबत माझी एक जुनी वही पाठवतो आहे. पीक कापणीच्या नोंदींची आहे, २००९ च्या खरिपाची. मागच्या बाजूला निम्म्याहून जास्त पाने कोरी आहेत. पानांवर क्रमांक छापलेले असल्याने मधले पान काढता येत नाही. पैजा त्यातच लिही.

आईला रात्री आठनंतर फोन कर. या आठवड्यात ओलिताची वीज दिवसा असल्याने आम्ही अंधार पडेपर्यंत वावरात असतो. तिने जे विचारले आहे त्याचा आकडा तिला खरा सांग, मोठा असला तरी.

तुझा,
बाबा